पथ्यानं विरघळणारा चुना

कोथरूडच्या टेकडीखाली सकाळी हिरव्या रसांची टेबलं लागतात. दुधी, कारलं, गव्हांकुर. पिंपाचं झाकण उघडलं की चिरडलेल्या गवतासारखा कच्चा, तुरट वास रस्ताभर पसरतो, आणि फिरून उतरलेली माणसं पुण्य पदरात पडल्याच्या चेहऱ्यानं तो रस घशाखाली ढकलतात. मी मात्र अजून नाक दाबून तिथून पुढे सटकते. माझी आत्या सबंध हिवाळा आणि त्यापुढचा उन्हाळा हा रस प्यायली. नुसता रस नव्हे हो, दर घोटाला थोडी आशाही प्यायली.

आत्या सरकारी कचेरीत मसुदे तयार करायची. तिच्या मानेवर पिवळसर, बारीक पुटकुळ्यांची नक्षी होती. लहानपणी मी तिच्या कडेवर बसून त्या नक्षीवरून बोट फिरवायचे तेव्हा ओल्या वाळूवरून फिरवल्यासारखं वाटायचं. कचेरीतल्या एका बाईंनी तिला एकदा सुचवलं होतं, आपण मान जरा घासत जा. ‘आपण’ म्हणून, अगदी अदबीनं. अपमानालाही इस्त्री करून देण्याची ही आमच्या शहराची रीत. तेव्हापासून आत्या भर वैशाखातही बंद गळ्याचा ब्लाउज घालू लागली. फार उशिरा एका डॉक्टरांनी त्या नक्षीला नाव दिलं. आई आणि वडील, दोघांकडूनही आलेला जनुकातला दोष. त्यामुळे त्वचेतल्या, रक्तवाहिन्यांतल्या, डोळ्यांतल्या लवचिक धाग्यांवर चुन्यासारखा क्षार बसत जातो. मुळावर औषध नाही, डोळे जपा, असं त्यांनी सांगितलं.

‘औषध नाही’ हे शब्द ज्या घरात पडतात, त्या घराचा पत्ता भोंदूंना कसा लागतो कोण जाणे. आत्याला कुणीतरी नारायण पेठेतल्या एका आहार-सल्लागाराकडे धाडलं. मी सोबत होते. त्यानं मान पाहिली नाही. आधी आडनाव विचारलं, मग मांसाहार करता का ते विचारलं, आणि दोन्ही उत्तरं ऐकून, गणित सुटल्यासारखा, समाधानानं हसला.

“पिढ्यान्‌पिढ्यांचं खाणं आहे. कधीतरी अंगावर उमटणारच.”

आनुवंशिकता या माणसाला इतकीच कळली होती. आमच्या आज्या-पणज्यांच्या ताटात काय होतं आणि ते का होतं, हे त्याला कोण सांगणार? मी तोंड उघडलं तशी आत्यानं माझा दंड दाबला. बरं व्हायला आलेल्या माणसानं भांडू नये, असं तिचं मत.

चुना विरघळेल म्हणून त्यानं रोज सकाळचा हिरवा रस लावला. अंडी गेली, सुकट गेली. चुना साठतो म्हणून दूध-दहीही गेलं. वैशाखी पौर्णिमेला विहारातली खीर आत्याच करायची. त्या वर्षीही तिनं पातेलं ढवळलं, द्रोण भरले, फक्त गोडी माझ्याकडून चाखून घेतली. एका म्हाताऱ्या बाईंनी टोमणा मारला, “सुजातेची खीर बुद्धाला चालली, तुला गं काय झालं?” सगळ्या हसल्या. आत्याही हसली. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

पुढे तिला फरशीच्या रेषा मधेच वाकड्या दिसू लागल्या. मग कागदावरच्या ओळीही. जन्मभर इतरांची वाकडी वाक्यं सरळ करणारी ही बाई. तिनं आम्हाला काही सांगितलं नाही, सल्लागाराला फोन केला. तो म्हणाला, शुभलक्षण आहे, साठलेलं सुटायला लागलं, पथ्य मोडू नका. तिनं मोडलं नाही. डाव्या डोळ्यासमोर मधोमध काळा डाग उभा राहिला तेव्हा कुठे तिनं मला हाक मारली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्याखाली रक्त झिरपल्याचं दाखवलं. रेषा वाकल्या तेव्हाच इंजेक्शन मिळालं असतं तर बरीच नजर राहिली असती, असं त्या म्हणाल्या. आता उजवा डोळा सांभाळायचा. मी तावातावानं विचारलं, मग खाण्याचा या आजाराशी काहीच संबंध नाही का?

“उंदरांना मॅग्नेशियम जास्त दिलं, तेव्हा चुना साठणं मंदावलेलं दिसलंय. माणसांचं अजून खात्रीनं सांगता येत नाही. तोवर नेहमीचं चौरस जेवा, दूधही प्या. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मला विचारल्याशिवाय नकोत.”

किती साधं उत्तर. त्यात ‘कदाचित’ होतं, म्हणून त्याला त्या सल्लागाराकडच्यासारखी भिंतभर प्रशस्तिपत्रं नव्हती. किळस येते ती इथे. शास्त्राच्या हातातला एवढासा, प्रामाणिक ‘कदाचित’ कुणीतरी उचलतो, त्याला सोवळं नेसवतो आणि खात्री म्हणून वाढतो. वर उष्टं खरकटं आमच्या जातीच्या माथी मारतो.

मी त्या सल्लागाराविरुद्ध पत्रक लिहिलं. पत्रकं लिहिणं हेच माझं काम, आणि हे सगळ्यांत जळजळीत झालं होतं. आत्याला वाचून दाखवलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

“शिव्या खाली घे,” ती म्हणाली. “वर लिही, रेषा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. घाबरलेलं माणूस पहिलीच ओळ वाचतं.”

मी खोडलं, तिनं सांगितलं तसं लिहिलं. ‘जा’ऐवजी ‘जावे’ कर, एवढी दुरुस्ती तिनं जाता जाता केलीच.

हल्ली ती सुकट-भाकरी खाते, बंद गळ्याचे ब्लाउज तिनं वाटून टाकलेत. या सगळ्यातून मागे काय उरलं म्हणाल तर डाव्या डोळ्याला नजरेची कड उरली. परवा बोलता बोलता तिनं उजव्या डोळ्यावर हात धरला आणि डाव्यानं माझ्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं तर माझा चेहराच त्या डागात बुडतो, म्हणून ती पाहत होती माझ्या कानापलीकडे, रिकाम्या भिंतीकडे. तिथून तिला मी थोडीशी दिसते म्हणाली. मी हललेच नाही.