रोप सेटल झालं का

सेटल ह्यो शब्द म्या शाळंत न्हाई शिकले. शाळा माझी तिसरीपतूर, ती बी म्हशी बघत बघत. ह्याचा अर्थ मला रोपवाटिकेत घावला.

मालक गेलं तवा पोरगी चार वर्साची व्हती. कावीळ झाली, धा दिसांत सपलं. आमच्या मांजरी गावात तवा जिकडं बघावं तिकडं ऊस. जमिनीचं समदं दिरानं बघितलं. मला म्हनला, "वैनी, मॅटर सेटल करून टाकू. हितं सही करा." म्या केली. दोन खोल्या राहिल्या माझ्याकडं. भांडले न्हाई. पोर कडंवर घेऊन कुनाशी भांडनार? त्याच दिराची बायको, माझी जाऊ, भिंतीला भिंत लावून ऱ्हाती. पुढं तीच उपेगाला आली, हे बी खरं.

मंग म्या रोपवाटिकेत लागले. तिथं उसाची न केळीची रोपं काचंच्या बाटलीत वाढवत्यात. बाटलीतनं काढायची, मुळाला खळीवानी चिकटलेलं असतं त्ये धुवायचं, आन ट्रेमधी नारळाच्या भुश्यात लावायची. मुळं केसाएवढी. दिसभर पान्यात उभं, पायाच्या बोटांत चिखल्या. मॅडम म्हनायच्या, "मावशी, आता यांना सेटल होऊ द्या."

"सेटल म्हंजी वो काय?" म्या इचारलं.

त्यांनी एक जुना ट्रे वढला. रोप दोन बोटांत धरलं आन हळूच वर वढून दावलं. रोप आलं न्हाई, ट्रेच हालला. "हे सेटल झालं," म्हनल्या, "याला आता जाळीच्या सावलीतून बाहेर उन्हात न्या."

मला लई आवडलं त्ये. पन खुळ्यावानी म्या काय केलं, रोज सकाळी आल्या आल्या माझ्या ट्रेमधलं एकेक रोप वढून बघायला लागले. चार दिसांत समद्यांनी माना टाकल्या. मॅडमनी बघितलं. वरडल्या न्हाईत, एवढंच म्हनल्या, "मावशी, रोज ओढून बघितलंत तर ते मूळ धरणार कधी?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हनली, "हिची आय बी हिला सासरी येऊन रोज वढत आसल." म्या बी हसले. आय माझी म्या धा वर्साची असतानाच गेली व्हती, पन त्ये काय तिला ठावं न्हवतं.

लई वर्सं केलं त्ये काम. त्याच्यावर पोरगी नर्स झाली. ती मोठ्या दवाखान्यात लागली, आन मला वाटलं, झालं. पन गावात कुनी बी भेटलं की इचारायचं, "पोरगी सेटल झाली का?" त्यांचं सेटल म्हंजी लगीन. जाऊ तर तिच्या तोंडावरच म्हनली, "सत्तावीस लागलं, आता तरी हिला सेटल कर. का लोनच्याला ठिवतीस?"

पोरगी म्हनली, "काकी, लोणचं टिकतं तरी."

ती कामावरनं सुटली की स्वारगेटला बस बदलून जर्मन भाषा शिकायला जायची. दोन वर्सं गेली आशीच. एक दिस म्हनली, "आये, मला जर्मनीत नोकरी लागली." म्या म्हनलं, "जा." दुसरं काय म्हननार? रोपवाटिकेचं काम म्या तवर सोडलं व्हतं, गुडघं गेलं व्हतं. तिनं तिच्या हातानं मला फोनवर तोंड दिसायचं शिकवलं आन गेली.

पैले सहा महिने रोज दुपारी फोन. तिचं नाक लाल झालेलं. "आये, हितं चारलाच अंधार पडतो. कामावरची मानसं लई भरभर बोलत्यात. मी सेटलच व्हत न्हाई बघ."

तोंडानं म्या म्हनायचे, "व्हशील की." आन लगीच इचारायचे, "मंग कधी येतीस?" रोज. एक बी दिस चुकला न्हाई. ती न्हाई सेटल झाली म्हनली की मला आतनं बरं वाटायचं. न्हाई झाली म्हंजी यील. तिची गादी म्या दर आठ दिसांनी उन्हात टाकायचे.

पोरीचं तिथं बसंना, हे जावंला कळलं. ती म्हनली, "आगं, देव पान्यात ठिव. पोरीला सेटल कर म्हन, मंगच बाहेर काढीन म्हन." आमच्यात हाय तसं. काय आडलं की देव्हाऱ्यातलं टाक पान्यात बुडवून ठिवायचं, काम झालं की काढायचं. म्या तांब्याच्या भांड्यात खंडोबा ठिवला, भवानी ठिवली. जाऊ बाजूलाच हात जोडून उभी. पन माझ्या तोंडातनं त्ये निघंना. मनात म्हनलं, "देवा, तिला माघारी आन."

कुनाला सांगितलं न्हाई. रोज पानी बदलायचे, आन देवाकडं मागायचे तेच.

मंग तिची तिथली परीक्षा झाली. ती पास झाली तरच तिथं पक्की नर्स. फोन आला त्यो रडतच. "आये, नापास झाले. अजून एकदाच बसता येतं. आता गेलं तर परत पाठवतील."

तिकडं ती रडत व्हती आन हितं माझ्या मनात आलं, पावला देव. फोन ठिवला. जेवले न्हाई त्या दिशी.

सकाळी पानी बदलाया भांडं घेतलं. टाक तळाला पडल्यालं. आन मला माझा त्यो पैला ट्रे आठवला, माना टाकलेला. चांगली रोपं व्हती ती. मरायची न्हवती.

खंडोबाला म्हनलं, "मूळ धरू दे तिला तिथंच."

लई जड गेलं. एवढंसंच बोलायचं व्हतं, पन दोनदा भांडं खाली ठिवलं. त्या दिसापासनं "कधी येतीस" इचारायचं सोडलं. जीभ वळायची, म्या भाजी काय केलीस त्ये इचारायचे. तिनं बी रोजचा फोन कमी केला, अभ्यास व्हता.

पास झाली. जाऊ पेढं घेऊन आली, "पावला का न्हाई?" म्हनत. पोरगी फोनवर म्हनली, "काकीनं सांगितलं, तू देव पाण्यात ठेवलेस. तुझ्यामुळं झालं गं, आये."

देव काढलं, चिंच लावून घासलं. भवानीच्या कडंला हिरवं धरलं हाय, त्ये काय गेलं न्हाई.

ह्या संक्रांतीला आली व्हती, पंधरा दिस. आंगानं भरलीय. गादी उन्हातली व्हती, तिच्यावर निजली. जाऊ म्हनली, "आता लगीन करून सेटल हो." पोरगी हसली निसती. मला वाटलं भांडंल, पन न्हाई भांडली.

निघताना गाडी दाराशी उभी. पाया पडली, बॅग उचलली आन म्हनली, "घरी पोचले की फोन करते, आये."

घरी म्हनली.

तिच्या जाकिटाची कड माझ्या दोन बोटांत व्हती. कवा धरली, मला बी कळलं न्हाई. जरा वढली आसल म्या, कारन तिनं वळून बघितलं. "काय गं?"

"काय न्हाई," म्हनलं, आन सोडली.