राहेलबाईचा गळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, प्रार्थनेतसुद्धा नीट शब्दांत नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही ठाऊक नाही. ऐका एवढंच.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. दापोडीला रेल्वेलाइनीजवळ आमचं पत्र्याचं लहानसं चर्च होतं. मी शाळेत शिकवायची आणि रविवारी पेटी वाजवून गीतं सांगायची. मंडळीत पेटी येणारी मी एकटीच. लोक आदरानं ‘बाई’ म्हणायचे. त्या आदराची मला किती गोडी लागली होती, ते तेव्हा कळत नव्हतं — की कळत होतं?

सुगीनंतर मंडळी देवाला दान आणते, त्या हंगामाच्या उपासनेच्या आदल्या रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी छान बोलले. पैसा नसेल तर वेळ द्या, म्हटलं. वेळ नसेल तर अंगात जी कला असेल ती देवाला द्या, कुणाचंही देणं लहान नसतं. माणसं माना डोलवत होती. मला स्वतःचंच बोलणं आवडलं होतं.

उपासना सुटल्यावर राहेलबाई थांबली. तिचा नवरा रेल्वेत खलाशी म्हणजे अंगमेहनतीचा मजूर, ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. पदराशी चाळा करत म्हणाली, “बाई, पैका न्हाई आमच्याकडं. पर गळा हाय. म्हणून दावू का?”

मी पेटी झाकत होते. म्हण म्हटलं.

हन्नाबाई गं रडती, देवळाच्या दारामंदी,
देवानं टाकलं फूल, तिच्या वटीमंदी.

बायबलातल्या, मूल मागणाऱ्या हन्नेची ही ओवी तिनंच जुळवलेली, जात्यावर. आवाज जरा खरखरीत, पण असा सरळ आत जाणारा की माझे डोळे भरले. आणि त्याच क्षणी — हेच सांगायचं आहे — त्याच क्षणी मला भीती वाटली. ही बाई उभी राहून गायली, तर माझी पेटी कोण ऐकेल?

“पाळकसाहेबांना विचारते,” मी म्हणाले.

विचारलं नाही. आठवडाभर रोज ठरवलं, रोज टाळलं. पुढच्या रविवारी ती समोर आली तेव्हा डोकीला तेल, धुतलेलं लुगडं — तयारीनं आली होती. मी म्हणाले, “साहेब नको म्हणाले. जात्यावरची गाणी उपासनेत शोभत नाहीत.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “व्हय, साहेबांचं बराबर हाय. मला आडाणीला काय कळतं?” मग विचारलं, “जमीन सारवली तर चालंल का, बाई?”

तेव्हापासून दर शनिवारी ती चर्चची जमीन सारवायची. दिवसभर खडी फोडून आल्यावर. पुढच्या वर्षी हंगामाच्या उपासनेत मी मंडळीला तिचंच उदाहरण दिलं — वेळ देणं कसं असतं ते राहेलबाईकडून शिका, म्हणाले. सगळे तिच्याकडे वळून हसले. ती लाजून खाली बघत राहिली. कसं जमलं असेल मला ते?

पाळकसाहेब मायाळू माणूस. एकदा त्यांनीच मला विचारलं, गीताच्या वेळी राहेलबाई ओठ मिटून का उभ्या असतात? खरं सांगायला तेवढी एक जागा होती. मी म्हणाले, “गाता येत नसेल त्यांना.”

मग एका नाताळला शाळेच्या गाण्यासाठी मी मुली निवडत होते. राहेलबाईची सुलोचना माझ्याच वर्गात. तिला उठवलं तर तिनं मान हलवली. का गं, विचारलं. ती सहज म्हणाली, “आई म्हणती, आपला गळा देवाला चालत न्हाई.”

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. राहेलबाई दळत होती. बाई दळतेय आणि तोंडून ओवी नाही — असं जातं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. नुसती दगडाची घरघर. मला बघून ती उठली, हात पुसले, घोंगडी अंथरली, गुळाचा चहा केला. मी चहा प्याले. मुलगी हुशार आहे म्हणाले. बाकी काही बोलले नाही. ती रस्त्यापर्यंत पोचवायला आली.

पुढं नवऱ्याची बदली तळेगावला झाली आणि ती गेली. जाण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा जमीन सारवून गेली. पाळकसाहेबही पुढं वारले. राहेलबाईची खबर मी काढली नाही. तळेगाव काही लांब नव्हतं.

पाळकसाहेबांचा शब्द म्हणून तिनं तो ‘नको’ मानला. त्यांनी तो कधी उच्चारलाच नव्हता. तो माझा होता.