‘स’ न टोचणारा माईक

आमच्या स्टुडिओत किस्से शोधावे लागत नाहीत. माणूस माईकसमोर उभा राहिला की निम्मा किस्सा तिथेच तयार होतो, आणि त्यानं स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की उरलेला निम्मा! हे सगळं लिहून ठेवायचं असं मी दर वेळी ठरवते. तेवढ्यात पुढचं गिऱ्हाईक जिना चढून वर येतं आणि वहीच्या जागी माझ्या हातात हेडफोन असतात.

स्टुडिओ म्हणजे शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीत, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक शब्बीरभाई. मी मीनल, कॉम्प्युटर सांभाळते. शब्बीरभाईंनी अर्धं आयुष्य लग्नांना आणि सभांना लाउडस्पीकर पुरवले. भोंग्यातून येणारा कर्कश आवाज त्यांनी इतका ऐकलाय, की आता त्यांचा एकच हट्ट उरलाय: “स टोचता कामा नये!”

स, श, च म्हणताना दातांतून बारीक हवा सुटते. काही माईक ती हवा सुईसारखी कानात घालतात. गंमत म्हणजे दिसायला हेच माईक सगळ्यात देखणे. शब्बीरभाई म्हणतात, “माईक गळ्यासाठी घ्यायचा, फोटोसाठी नाय.”

*

एकदा एक सेल्समन नवाकोरा माईक घेऊन आला. मखमली पेटी, चकचकीत जाळी. त्यानं माईक लावला आणि सुरू झाला, “हॅलो, हॅलो, वन टू थ्री...”

शब्बीरभाई म्हणाले, “हॅलो तर तुपाच्या डब्यात पण चांगला घुमतो. सप्तशृंगी म्हणा.”

“काय?”

“सप्तशृंगी. हेडफोन घाला आणि म्हणा.”

त्या बिचाऱ्यानं म्हटलं. पहिल्या ‘स’ला त्याचे डोळे मिटले, ‘शृं’ला त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“आमच्याकडे वणीची भजनी मंडळं येतात,” शब्बीरभाई म्हणाले. “दर दोन ओळींनी आईचं नाव. तुमच्या माईकवर भक्तांचे कान फुटतील!”

सेल्समननं पेटी बंद केली. अर्धा जिना उतरला, परत वर आला आणि हळूच विचारलं, “मग तुम्ही कुठला वापरता?”

*

मनमाडचे कदम रेल्वेत आहेत, गातात उत्तम. त्यांनी स्वतःचा कंडेन्सर माईक आणला होता. श्वाससुद्धा टिपणारा, नाजूक, महागडा. आमचा साधा जाडजूड माईक बघून ते म्हणाले, “हा तर सत्काराच्या भाषणाचा!”

शब्बीरभाई वाद घालत नाहीत. त्यांनी माझी ओढणी मागितली, दोन्ही माईक शेजारी लावून वर ओढणी टाकली आणि कदमांना गायला लावलं. मग दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली. कुठलं कुणाचं, ते सांगितलं नाही.

कदमांनी आमचा निवडला. परत गायले, परत आमचाच निवडला. तिसऱ्यांदा मी क्रम उलटा केला, तरी आमचाच! त्यांच्या गळ्यात मुळातच धार आहे. नाजूक माईक त्या धारेला आणखी धार लावत होता.

ओढणी काढल्यावर कदमांनी स्वतःचा माईक उचलला. “मग आता याचं करू काय?”

“तबल्याला लावा,” शब्बीरभाई म्हणाले. “तबल्याला दात नसतात!”

पुढच्या महिन्यात कदम खरंच तबलजीला घेऊन आले. तबला काय वाजला म्हणून सांगू!

*

आता माझी फजिती. लपवण्यात अर्थ नाही, शब्बीरभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतातच.

नांदगावची एक कीर्तनकार मुलगी वडिलांबरोबर आली होती. शब्बीरभाई त्या दिवशी नव्हते. मी हाताला लागला तो माईक लावला. ‘स’ टोचत होता, पण मला कॉम्प्युटरचा भारी गर्व. म्हटलं, सॉफ्टवेअर आहे की! कापला थोडा ‘स’. अजून थोडा. अजून थोडा.

दुसऱ्या दिवशी वडील एकटेच आले. फेटा काढून समोर बसले.

“ताई, माझी पोर सहा वर्षांची व्हस्तोर बोबडी बोलायची. लय मेहनतीनं जीभ सुटली तिची.” मग हात जोडून म्हणाले, “तुमी एका दिवसात परत बोबडी केली!”

मी ऐकलं. ‘संत सखा’चं ‘थंत थखा’ झालं होतं.

शब्बीरभाईंनी मुलीला परत बोलावलं, माईक बदलला, तोंडासमोरून थोडा बाजूला वळवला. एका दमात रेकॉर्डिंग झालं. कॉम्प्युटरवर कापायला काही उरलंच नाही. जाताना एवढंच म्हणाले, “मीनल, आवाज मागून सुधारायचा नसतो. घेतानाच नीट घ्यायचा.”

त्या दिवसापासून मी आधी गळा ऐकते, मग माईकचं कपाट उघडते.

*

जाधवबाई निवृत्त शिक्षिका. अंध मुलांसाठी धडे वाचून रेकॉर्ड करायचे, म्हणून स्वतःहून आल्या. वाचन असं, की व्याकरणसुद्धा गोष्टीसारखं वाटावं. फक्त प्रत्येक ‘स’ला एक बारीक शिट्टी!

मी तीन माईक बदलले. शिट्टी कायम. काचेच्या अलीकडे मी आणि शब्बीरभाई एकमेकांकडे बघतोय. बाईंना सांगणार कोण? शेवटी शब्बीरभाई आत गेले. “बाई, तुमचा स जरा...”

“शिट्टी मारतो. माहीत आहे मला,” बाई म्हणाल्या. “नवीन कवळी आहे. जुनी आणू का?”

रिक्षा करून घरी गेल्या, अर्ध्या तासात जुनी कवळी लावून परत! शब्बीरभाईंनी कपाटातला सगळ्यात मऊ माईक काढला, आणि आवाज असा आला की मी हेडफोन काढून शब्बीरभाईंच्या कानाला लावले.

शेवटचा धडा झाल्यावर शब्बीरभाई खुशीत म्हणाले, “बाई, माईक बरोबर निवडला ना मी?”

“माईक तू निवडलास, दात मी निवडले,” बाई म्हणाल्या. “मार्क निम्मे निम्मे!”

*

मुंबईचे एक संगीतकार एका गाण्यापुरते आले होते. आमच्या माईकच्या मानेला गुंडाळलेली काळी टेप बघून त्यांनी भुवया उंचावल्या. “हा चालतो?”

“नाय साहेब, एका जागी उभा राहतो,” शब्बीरभाई म्हणाले. “गाणाऱ्याला चालवतो.”

गाणं झालं, साहेबांनी ऐकलं. मग गायिकेचं तोंड आणि माईक यांच्यात किती अंतर होतं, ते स्वतःच्या वितीनं मोजून घेतलं. माईकचा फोटो काढला. टेपसकट!

*

आणि कमळाबाई.

सटाण्याकडच्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बाई. अहिराणीतल्या जुन्या गोष्टी त्यांना तोंडपाठ. आईच्या गोष्टी जपून ठेवायच्या म्हणून पुण्यात नोकरी करणारी त्यांची लेक त्यांना घेऊन आली होती. आमच्याआधी त्या दुसऱ्या एका स्टुडिओत जाऊन आल्या होत्या. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, म्हणजे जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘शे’. तिथल्या रेकॉर्डिस्टनं सांगितलं, “आजी, तो ‘शे’ कानाला टोचतोय. ‘आहे’ म्हणा ना.”

कमळाबाई पदर सावरून उठल्या, त्या थेट बाहेर.

लेक आमच्याशीही आणि आईशीही शुद्ध मराठीत बोलत होती. जरा ओशाळून म्हणाली, “त्या रेकॉर्डिस्टचंही चुकलं नाही. आईचं बोलणंच तसं आहे.”

शब्बीरभाईंचा चेहरा बदलला. “माईकला जमत नाय म्हणून माणसानं बोली बदलायची?”

कपाटातले सगळे माईक टेबलावर आले. पहिल्यात ‘शे’ सुईसारखा. दुसऱ्यात सुई गेली, पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा. तिसऱ्यात सुरकुतलेल्या आवाजातला सगळा खरखरीतपणा वर आला. कमळाबाई दर वेळी न कंटाळता गोष्ट पहिल्यापासून सुरू करत होत्या.

मग शब्बीरभाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि नुसते बघत राहिले. बाई बोलताना मान किंचित डावीकडे झुकवत होत्या, जात्यावर बसल्यासारख्या. शब्बीरभाईंनी टेप गुंडाळलेला माईक घेतला, छातीच्या उंचीवर खाली आणला, तिरका केला. दातांतली हवा त्याच्यावरून निघून जाईल असा.

मी हेडफोन घातले. ‘शे’ आला. पूर्ण, स्पष्ट, आणि कुठेही न टोचता. मी काचेतून अंगठा दाखवला.

बाई तासभर बोलल्या. नंतर मोठ्या स्पीकरवर लावलं. मांडीवर हात ठेवून त्यांनी ऐकलं आणि शब्बीरभाईंना म्हणाल्या, “हाई मन्हंच बोलनं शे.”

“तुमचंच आहे, माय,” शब्बीरभाई म्हणाले. “आम्ही हात लावला नाय.”

लेक दाराशी उभी होती. गोष्ट संपली तरी तिथेच.

मी विचारलं, “मॅडम, कसं वाटतंय? ठीक आहे ना?”

तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला.

“चांगलं शे,” ती म्हणाली.