आधी वंदना

दादाला सिन्नरहून त्याच्या शाळेचे हेडमास्तर स्वतः घरी घेऊन आले, ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. दादा माझा थोरला भाऊ, नाशिकच्या आमच्या वसाहतीतला पहिला बी.ए. रोज एस.टी.नं सिन्नरला शिकवायला जायचा. वडील लवकर गेले होते. आई बालवाडीत आया होती आणि मी टायपिंग शिकून नुकतीच एका कचेरीत लागले होते. घराची सगळी भिस्त दादावर.

हेडमास्तर दारातच थबकले. म्हणाले, "सर वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे राहतात. तास संपला तरी वळत नाहीत. आज पोरं रडायला लागली, म्हणून घेऊन आलो."

दादा त्यांच्यामागे उभा होता. बोटं खडूनं पांढरी झालेली. आईनं त्याला पाय धुवायला पाणी दिलं, हेडमास्तरांना खुर्ची दिली आणि बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायला घेतली.

मी चिडले. "आई, डॉक्टर बघायचा की वंदना करत बसायचं?"

"आधी वंदना, मग डॉक्टर. तू बस गं."

हे तिचं नेहमीचंच. परीक्षा असो, आजारपण असो, छप्पर गळो, आधी वंदना आणि मग बाकीचं. मी नेमकी उलट. नळाला पाणी येईल का, साहेब रजा देतील का, आणि त्या दुपारनंतर दादाची नोकरी राहील का, घरात असा भाऊ म्हटल्यावर मला कोण पत्करेल, असं एकाला एक जोडत मी सारखी झुरायचे. एकदा मी तिला म्हटलंच, "बुद्ध काही देत नाहीत, हे तूच शिकवलंस. मग मागतेस कुणाकडे?"

"मागत नाय मी काई," ती म्हणाली. "जीव लय घाबरा होतो माजा. तेवढा येळ थाऱ्यावर ऱ्हातो."

त्या दुपारी मात्र वेगळंच घडलं. आईनं वंदना सुरू केली आणि दादा आपणहून येऊन तिच्याशेजारी बसला. तिच्या आवाजात आवाज मिसळून शेवटपर्यंत म्हणत राहिला. उच्चार स्वच्छ, कुठं अडखळला नाही. संपल्यावर हेडमास्तरांना म्हणाला, "सर, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." अगदी पूर्वीसारखा. हेडमास्तरांनी रुमाल काढून डोळे पुसले.

पुढं तो बिघडतच गेला. कधी माझं नाव विसरायचा, कधी स्वतःशीच भांडायचा. पण वंदनेला बसला की तेवढ्यापुरता आमचा दादा व्हायचा. मग मीही सकाळी उठले की आधी तिथं जाऊन बसू लागले. पाणी, डबा, कचेरी, सगळ्या काळज्या त्यानंतर. श्रद्धेनं नव्हे. भाऊ तिथं भेटायचा म्हणून. त्या दिवसांत मला वाटायला लागलं होतं, की हा असाच हळूहळू पुरता परत येईल.

मग त्यानं जेवण सोडलं. अन्नात कुणीतरी काही कालवतंय म्हणायचा. अंगाची काडी झाली. डॉक्टर म्हणाले, शॉक द्यावे लागतील, नाहीतर हा हातचा जाईल. आई वंदना करून आली आणि तिनं होकार दिला.

शॉकनंतर दादा जेवू लागला. शांत झाला. घरी आणलं त्या दिवशी आईनं मेणबत्ती लावली आणि आम्ही तिघं बसलो. पहिला शब्द दादानं म्हटला. मग आईच्या ओठांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"पुढं काय?" त्यानं विचारलं.

आईनं सांगितलं. तो तेवढं म्हणाला.

"पुढं?"

आठवड्याभरात त्यानं विचारायचंही सोडलं. आईनं डॉक्टरांना गाठलं. "सायेब, येईल का वो त्याला आठवून?"

"कुणाला येतं, कुणाला नाही," ते म्हणाले. माणूस भला होता. खोटं बोलला नाही.

दादाला आठवलं नाही. नोकरी गेली. मला बघायला मालेगावचे लोक आले, कोपऱ्यात बसलेल्या दादाकडं पाहून चहा अर्धा ठेवून उठले. नंतर कुणी आलं नाही. वर्षं गेली. आई रोज त्याला शेजारी बसवायची, त्याचे हात आपल्या हातांनी जोडायची. तो भिंतीकडं बघत राहायचा.

"कशाला करतेस हे?" मी विचारायचे.

"बसतो ना तो," ती म्हणायची. एवढंच.

एका थंडीत त्याचा खोकला छातीत उतरला आणि तो गेला. मी कचेरीतून धावत आले तर वसाहतीतली माणसं अंगणात जमली होती. आई त्याच्या उशाशी बसून होती. मला म्हणाली, "सुटलीस गं बाई तू." त्यात टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, चूल पेटवली, पाणी भरलं. मी मूर्तीपुढं तिची वाट बघत बसले होते.

"आई, वंदना?"

"तू म्हण," ती म्हणाली. "माजी झाली. आता जीव घाबरा व्हत नाय."

मी एकटीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. बाहेर ती दादाची गोधडी धोपटत होती. त्यानंतर आई कधी वंदनेला बसली नाही.