पिंपळाखालची तसबीर

ओढ्याकाठच्या पिंपळाखाली आज सफाईवाल्या बायका कचरा निवडत होत्या. प्लास्टिक एका पोत्यात, काच दुसऱ्यात. मोकळ्या झालेल्या जागेत त्या करंजाची रोपं लावणार आहेत. मी त्यांना पाणी घेऊन गेले, तेव्हा पारूबाई बोटाला चिंधी गुंडाळत होत्या. चिंधी लाल झाली होती.

"देवानं प्रसाद दिला," त्या हसून म्हणाल्या.

शेजारची म्हणाली, "फुटका देव लोकांना घरात चालत नाही, आमच्या हातात चालतो."

पायाशी लक्ष्मीची तसबीर होती. तिच्या कडीला मी बांधलेला निळा दोरा तसाच होता. काचेला तडा गेला म्हणून मीच ती इथं आणून ठेवली होती, हळदकुंकू वाहून, पाया पडून. देवाचा अपमान होऊ नये एवढंच आपण बघतो. पुढं तिथं कुणाचा हात जाईल, हे मनातसुद्धा येत नाही.

पारूबाईंनी लक्ष्मीचं चित्र सोडवून पदरानं पुसलं. "कुणाची असेल हो, ताई?"

"काय माहीत," मी म्हणाले.

त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पुण्य लागेल तुम्हाला."

मी ते पुण्य घेऊन घरी आले.