मार्क कमी आहेत, सर

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेत मी काठावर पास झाले. काठावर म्हणजे आणखी एक प्रश्न चुकला असता तर कडेलोटच. एम.एस्सी.ला प्राणिशास्त्रात मी बऱ्यापैकी हुशार समजली जायचे, त्यामुळं आधी परीक्षेला शिव्या घातल्या, मग स्वतःला. शेवटी हर्सूलच्या खोलीवर बसून प्राध्यापकांना मेल लिहायला घेतले. मुलाखतीआधी एखाद्या सरांना आपला विषय आवडलेला बरा, नाहीतर अशा मार्कांना कोण विचारतंय?

खोलीतली मैत्रीण असल्या कामात पटाईत. "मार्कांचं नावच काढू नको," ती म्हणाली. मग मी घरी आबांना फोन लावला. आबा शेरडं-मेंढरं पाळतात, सिल्लोडच्या बाजारात विकतात. पीएच.डी. म्हणजे काय हे त्यांना नीट ठाऊक नाही, पण विकण्यातलं लई कळतं. म्हणाले, "जनावराची खोड आधी सांगावी, बाई. मागून कळली तर गिऱ्हाईक वापस येतं अन् चार माणसांत इज्जत काढतं."

झालं! मी पहिलीच ओळ लिहिली, 'सर, मला प्रवेश परीक्षेत मार्क कमी आहेत.' दुसऱ्या ओळीपासून गोचीड. आमच्या मेंढरांच्या अंगावरच्या गोचिडांवर मी एम.एस्सी.चा प्रकल्प केला होता. कोणत्या महिन्यात किती होतात, कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, सगळं वहीत होतं. मैत्रिणीनं कपाळावर हात मारला. "अगं येडे, यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण!"

नऊ मेल गेले. आठ जणांनी साधी पोचही दिली नाही. नवव्या सरांचं उत्तर एका ओळीचं होतं, 'वही घेऊन मुलाखतीला या.' मी खोलीत अशी नाचले की खालच्या घरमालकीणबाई वर बघायला आल्या.

मुलाखतीला मार्कांच्या क्रमानं आत बोलावत होते. म्हणजे मी शेवटची. सकाळी दहाला बाकावर बसले ती साडेचारला उठले. पोटात कावळे ओरडत होते. आत पाच जण, चहाचे रिकामे कप आणि पेंगुळलेले डोळे. एका मॅडमनी कागद पाहून भुवया उंचावल्या.

"मार्क फारच कमी आहेत हो तुमचे."

"हो मॅडम. मी मेलमध्येच लिहिलं होतं."

मेलचं उत्तर देणारे सर हसले. "गोचीड कुठून आणणार?"

"घरून. किती पाहिजेत?"

आता सगळ्यांची झोप उडाली. वही हातोहात फिरली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "चांगल्या मार्कांची मुलं नोकरी लागली की मधेच सोडून जातात. तुम्ही गेलात तर?"

याचं छान पाठ केलेलं उत्तर माझ्याकडं होतं. ते कुठं गेलं कोण जाणे, मला एकदम रडूच आलं. "नाय जाणार, मॅडम. मला हेच करायचंय. दुसरं कायबी नाय." पाच जणांसमोर अशी घरच्यासारखी बोलले, याची बाहेर आल्यावर भयंकर लाज वाटली.

निवड यादी लागली त्या दिवशी विभागाच्या फळ्यापुढं ही गर्दी! कोपरं मारत पुढं घुसले आणि खालून वर वाचायला लागले. पहिलंच नाव माझं होतं. वर कोण कोण होतं, ते मी आजवर पाहिलेलं नाही.