पांढरी दोन आणि प्रज्ञाचं मँडोलिन

रविवारी तीर्थपुरीला वाचनालयाच्या उद्घाटनाला साउंड लावलं. खर्च बघाल तर टेम्पोचं डिझेल, दोन पोरांचा नाश्ता आणि एक जळालेली वायर... पण खरी महाग पडली ती वेगळीच गोष्ट. दोन खुंट्यांना दिलेला पीळ!

मस्तगडला सायकलच्या कॅरिअरवर एक भोंगा बांधून मी हा धंदा सुरू केला. आज सामानाला दोन टेम्पो लागतात, पण खरं भांडवल माझे कान. "माझ्या कानातून बेसूर सुटत न्हाई," हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही तो माझ्या ओळखीचाच नाही...

कार्यक्रम होता भास्कर मास्तरांच्या भीमगीतांच्या पार्टीचा. मास्तर पेटीवर, सुदाम ढोलकीवर, आणि साउंड कायम माझं. वीस वर्षं झाली.

यावेळी नवीन होती मास्तरांची लेक प्रज्ञा. बी.एस्सी. झालीय, मँडोलिन वाजवते. आणि वाजवते काय, तर ब्लूग्रास... अमेरिकेतल्या डोंगराळ भागातल्या कामकरी लोकांचं संगीत, मोबाईलवर बघून बघून शिकली. मळणी यंत्रातून दाणे उडावेत तसे सूर उडतात. तिला ते बापाच्या गाण्यात मिसळायचं होतं.

मास्तर वर्षभर टाळत होते. शेवटी तयार झाले ते एका अटीवर. "एक गाणं. लोक बसले तर तू पार्टीत. उठले तर पुन्हा इषय काढायचा न्हाई."

आल्या आल्या पोरगी मला म्हणाली, "काका, एकच माईक लावा. सगळे त्याच्याभोवती उभे राहू. ज्याची पाळी त्यानं पुढं यायचं, वाजवायचं, मागं सरकायचं. तिकडं असंच करतात."

"अन् मी आठ माईक काय मिरवायला आणले?"

"सात तुमच्या फोटोला ठेवा की!"

सुदाम ढोलकी कसता कसता खो खो हसून राह्यलता. लावला एकच माईक... पेटी टेबलावर चढवली, ढोलकी सुदामच्या गळ्यात.

प्रज्ञा पाहुण्यांना भेटायला गेली. मँडोलिन खुर्चीवर होतं. मी जाता जाता तारांवरून बोट फिरवलं. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. त्यातली एक जोडी चक्क उतरलेली!

"सुदाम, पोरगी घाबरलीय रे. तारा लावायच्या बी सुधरल्या न्हाईत तिला." मी पेटीची पांढरी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी, दाबली. तोच मास्तरांचा सा, पहिल्या दिवसापासून. त्याला धरून दोन्ही खुंट्या पिळल्या, जोडी बराबर लावली आणि मिक्सरवर जाऊन बसलो. मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं...

कार्यक्रम सुरू झाला. प्रज्ञानं पहिली तार छेडली आणि तिचा चेहरा पडला. पण मास्तरांची बोटं तोवर त्या सुराला धरून पांढरी दोनवर गेल्ती. मास्तरांनी स्वतःच लिहिलेलं, शाळेवरचं गाणं. मुखडा बरा गेला.

अंतऱ्याला मास्तर वर चढले आणि आवाज फाटला. खोकले. पुन्हा चढले, पुन्हा फाटला. मागच्या रांगेत दोघं चपला शोधायला लागले... मी मिक्सरची सगळी बटणं फिरवून पाहिली. मला वाटलं माईक गेला!

प्रज्ञा हसत पुढं आली आणि माईकवरच म्हणाली, "बाबा, थांबा. माझी तार सरकली. परत घेऊ."

तिनं खुंट्या ढिल्या केल्या. सूर खाली खाली घसरत आला आणि एका जागी बसला. तिनं तो तसाच घुमवत ठेवला... मास्तरांनी एकदा लेकीकडं पाहिलं. मग त्यांची बोटं मुकाट्यानं एक पट्टी खाली, पांढरी एकवर सरकली.

त्यानंतर जे झालं ते काय सांगू! मास्तरांचा आवाज अंतऱ्यावर असा चढला की चपला शोधणारे खाली बसले. मास्तर मागं सरकले, पोरगी माईकसमोर आली आणि तिचं ते डोंगरातलं वारं सुटलं. सुदामनं असा ठेका धरला, जणू ब्लूग्रास तीर्थपुरीतच जन्मलंय.

लोकांनी तेच गाणं तीनदा घ्यायला लावलं. शेवटच्या वेळी मीसुद्धा मिक्सर सोडून टाळ्या वाजवत होतो...

उतरताना मास्तर लेकीला एवढंच म्हणाले, "पुढच्या रविवारी जांबला कार्यक्रम हाय. टायमावर निघायचं."

नंतर पोहे खाताना प्रज्ञानं मला बाजूला घेतलं. "काका, ती जोडी कुणी ताणली?"

"मी."

"ती मुद्दाम उतरवली होती. बाबांचा आवाज आता पांढरी एकला बसतो. सांगितलं तर ऐकणार न्हाईत. मंग मीच खालून सुरुवात करते, ते आपोआप तीच पट्टी धरतात. महिनाभर घरी असंच चालू आहे."

मी पोह्यांची ताटली खाली ठेवली. सगळ्या गावासमोर तिनं माझी चूक आणि बापाचा आवाज, दोन्ही एका सरकलेल्या तारेखाली झाकलं होतं.

काल मास्तरांना जाऊन सगळं सांगून टाकलं, हे लिहू का म्हणून विचारलं. मास्तर हसले. म्हणाले, "लिव्ह बिनधास्त. पण तुझं बी लिव्ह."

लिहितो. पोरी, तुझे आभार.

मास्तरांनीच सांगितलं, त्यांचा आवाज उतरून चार वर्षं झाली. त्या चारही वर्षांत त्यांच्यासमोरचा माईक मीच लावत होतो.